मदत हवी आहे: दोघींच्या धंद्याचं नाव मैत्रिणीने एकटीच्या नावावर ट्रेडमार्कला टाकलंय

भाजणीवाली:

नमस्कार मंडळी. थोडं पाल्हाळ होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय गुंता कळणार नाही.

मी नौपाड्यात राहते. चकलीची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, उन्हाळ्यात लोणची असा घरगुती धंदा आहे. २०१४च्या दिवाळीआधी शेजारच्या मैत्रिणीबरोबर सुरू केला. दोघींनी वीस-वीस हजार घातले, कागद कसलाच केला नाही. नाव तिच्या गॅलरीत डाळ निवडता निवडता ठरलं आणि सुचवलं तिनेच, हे कबूल करते. (नाव इथे लिहीत नाही, ठाणं वाटतं तेवढं मोठं नाही.)

२०२१मध्ये ती म्हणाली, "मला आता झेपत नाही गं." गिरणी आणि उरलेला माल धरून तिच्या वाट्याचे ४५,००० रुपये मी जीपेने दिले. नावाबद्दल ना ती बोलली, ना मी. आता ती घोडबंदर रोडला मुलाकडे असते आणि तिथल्या कॉम्प्लेक्समध्ये त्याच नावाने, त्याच लेबलने भाजणी विकते. तेही मी गिळलं असतं. पण राम मारुती रोडवरच्या ज्या दुकानात माझा माल जातो, ते परवा म्हणाले, "ताई, नाव आता त्यांचं होणार म्हणे. तुमची पाकिटं किती दिवस ठेवू?" सीएंनी शोधलं तर तिचा अर्ज क्लास ३० मध्ये (पिठं-मसाल्यांचा वर्ग) निघाला. ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून पाच आठवडे झालेत.

गुमास्ता माझ्या नावावर, फूड लायसन्स माझ्या नावावर, म्हणजे नाव माझंच अशी मी निवांत होते. सीए म्हणतात, तसं नसतं.

माझ्याकडे पहिल्या स्टॉलचं पावतीपुस्तक आहे. कार्बन कॉपी फिकी झालीय, पण वाचता येते. पावती क्रमांक १, भाजणी २ किलो, वर नावाचा रबरी शिक्का, आणि अक्षर तिचं! नंतर मशीनवर काढलेली बिलं मात्र पार पांढरी पडलीत. लेबलवरचं सोऱ्याचं चित्र माझ्या भाच्याने कॉलेजात असताना काढून दिलं होतं, एक पैसा न घेता.

आता हरकत घेता येते का, किती दिवसांत? चित्र कोणाचं धरतात? भाजणीचं प्रमाण तिला तोंडपाठ आहे, ते तरी थांबवता येईल का? आणि एक प्रश्न कायद्यापलीकडचा: मला न सांगता केलं, याला चोरी म्हणायचं का? घरात यावरून दोन तट पडलेत.

कोपरीकर:

ताई, ट्रेडमार्कचं काम करणाऱ्या वकिलांकडे कारकुनी करतो, म्हणून सांगतो. जर्नलमध्ये छापल्यापासून हरकतीला ४ महिने मिळतात, त्यावर एक दिवस वाढवून मिळत नाही. तुमचे पाच आठवडे त्यातून गेलेच. हरकतीचा टीएम-ओ फॉर्म ऑनलाइन भरता येतो, फी एका क्लासला २,७०० रुपये. अँटॉप हिलच्या ट्रेडमार्क ऑफिसला हेलपाटे नकोत. हरकतीची प्रत मिळाल्यावर २ महिन्यांत त्यांना उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात.

नोंदणी झाली म्हणून आधी वापरणाऱ्याचा हक्क जात नाही. तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडै हलव्याच्या नावावरून भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, तिथेही कोर्टाने आधी वापरणाऱ्यालाच वर धरलं. गुमास्त्याने नाव मिळत नाही, पण पुरावा म्हणून लावा.

चित्र भाच्याचं. कोणाच्या नोकरीत नसताना काढलं, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याने पहिला मालक चित्रकारच. त्याच्याकडून लेखी असाइनमेंट (हक्क तुमच्या नावावर) करून घ्या, त्यात मुदत लिहा, नाहीतर ५ वर्षंच धरतात. मैत्रिणीने अर्जात तेच लेबल लावलं असेल तर कॉपीराइटच्या मुद्द्यावरही हरकत घेता येते. भाजणीचं प्रमाण विसरा. गुपित राखायचा करार नाही, आणि ते तिचंही तितकंच आहे.

जुनी_खतावणी:

कोपरीकर, हलव्याचं ठीक. पण इथे आधीचा वापर कोणाचा? दोघींचा! भागीदारी तोंडी असली तरी भागीदारीच, १९३२चा कायदा कागदावर अडून बसत नाही. नावाची बाजारातली पत ही भागीदारीची मालमत्ता. ४५,००० कशाचे दिले, गिरणीचे आणि मालाचे. म्हणजे नावाची वाटणी झालेलीच नाही. ताई, राग मानू नका, चोरी म्हणाल तर ती तुमच्या अर्ध्या वाट्याची. २०२१पासून तुम्ही एकट्या वापरताय, तेही तिला विचारून नव्हे.

अर्जातला "युजर"चा, म्हणजे नाव कधीपासून वापरात आहे त्याचा, रकाना बघा, सगळी मेख तिथे आहे. "प्रपोज्ड टु बी यूज्ड" (म्हणजे पुढे वापरणार) लिहिलं असेल तर पावती क्रमांक १ तिला तिथेच अडवते. जुनी तारीख टाकली असेल तर सोबत शपथपत्र लागतं, आणि त्या तारखेला धंदा दोघींचा होता. दोघींच्या नावाने संयुक्त नोंदणीही होते. हरकतीची मुदत घालवू नका, पण आधी तिला एक फोन करा.

भाजणीवाली:

दोघांचेही आभार. भाच्याने सही केली. "मावशी, मोबदल्यात चकल्या लिही" म्हणाला. वकिलांची वेळ गुरुवारची मिळालीय.

रकाना पाहिला. त्यात १२/१०/२०१४ लिहिलंय. तो आमच्या पहिल्या स्टॉलचा रविवार. पावतीपुस्तक तर इतकी वर्षं माझ्या कपाटात आहे, म्हणजे तारीख तिने आठवून लिहिली.

फोन अजून केलेला नाही. नंबर दोनदा काढून ठेवला.