नागपुरातल्या प्रतापनगरचं रिनोव्हेटेड घर: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-204: फॉरवर्ड करून राहिलो: "प्रतापनगर. प्लॉट 1500 चौ. फूट, तळमजला + पहिला मजला, 4 बीएचके. 1988 चं बांधकाम, संपूर्ण रिनोव्हेटेड. नवीन टाइल्स, पीओपी, मॉड्युलर किचन. किंमत बैठकीत." भाचीसाठी पाहून राहिलो. रविवारी जायचं आहे, जाणकारांनी सांगा काय काय पाहायचं.

ए-101: फोटो तर एकदम चकाचक आहेत जी 👌

सी-303: काका, चकाचक भागच आधी तपासा. 1988 चं घर म्हणजे बहुतेक लोड बेअरिंग, 9 इंची भिंतींवर स्लॅब. फोटोत हॉल आणि डायनिंग एक झालेलं दिसतंय. मधली भिंत काढली तेव्हा बीम टाकला का आणि तो दोन्ही टोकांना कशावर टेकवला, हे विचारा. वरच्या मजल्यावर बरोबर त्याच रेषेत भिंत असेल तर तिचं वजन आता कशावर आहे? वर जाऊन त्या जागेच्या टाइल्सचे सांधे आणि दारं पाहा. दार चौकटीत घासत असेल तर स्लॅब बसायला लागला असू शकतो.

सी-303: पीओपीच्या खोट्या छताच्या आत पाहायचं असेल तर बटण बंद करून एक डाउनलाइट (छतात बसवलेला छोटा दिवा) खाली ओढा. स्प्रिंगच्या क्लिपवर असतो, स्क्रू लागत नाही. त्या भोकातून मोबाइलची टॉर्च मारा. तपकिरी डाग, सुटलेले पोपडे, उघडी पडलेली गंजकी सळई, जे असेल ते दिसतं. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट ढकलून पाडते. वरून पुट्टी मारल्यानं ते थांबत नाही.

बी-204: मालक काढू देईल का पण?

सी-303: नाही दिला तर स्वयंपाकघराचा माळा आणि जिन्याखालची जागा पाहा. तिथे पीओपी कोणी करत नाही. घराची मागची बाजू पण पाहा, रंगाचे पैसे समोरच संपतात 😄

ए-402: मी कागदांचं सांगते, कारण घोळ तिथेच होतो. आखीव पत्रिका (प्लॉटचा मालकी-नोंदीचा सरकारी उतारा), आधीची सगळी खरेदीखतं, मंजूर नकाशा. नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यास) लीज प्लॉट असेल तर लीजची मुदत, नूतनीकरण आणि ट्रान्सफरची परवानगी पाहा. गुंठेवारीतला (मंजुरीशिवाय पाडलेल्या लेआउटमधला) असेल तर आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र मागा, आणि त्यातला प्लॉट नंबर व क्षेत्रफळ जागेवर मोजून जुळवा.
पहिला मजला मंजूर नकाशात आहे का? नसेल तर बँकेचा व्हॅल्युअर तो धरत नाही. लोन कमी बसतं आणि ऐनवेळी फरक खिशातून भरावा लागतो.

ए-101: टॅक्स पावती दोन्ही मजल्यांची असेल तर चालत नाही का ताई?

ए-402: नाही दादा. मनपा बिनपरवानगी बांधकामावरही टॅक्स लावते. टॅक्स भरला म्हणून बांधकाम नियमित होत नाही.
विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावाचं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल तर आई, मुलगे, मुली सगळे वारस. लग्न झालेल्या बहिणीसुद्धा. "तिचं काही म्हणणं नाही" ऐकून पुढे जाऊ नका. एकतर खरेदीखतावर सगळ्यांच्या सह्या, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र. स्टँपपेपरवरची नोटरी इथे कामाची नाही. वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा 30 वर्षांचा सर्च आणि पेपरात जाहीर सूचना, दोन्ही करा.

बी-105: रस्ता कुठला आहे? सिमेंटचा झाला असेल तर प्लिंथ (जोतं) नक्की पाहा. आपल्याकडे कितीतरी गल्ल्यांत नवा रस्ता जुन्या घरांच्या जोत्याला येऊन भिडलाय. गेटमधून आत गाडी उताराने जात असेल तर पावसाचं पाणीही तसंच जाणार. रस्त्यापेक्षा दीड फूट तरी उंच जोतं पाहिजे. गटारीचं चेंबरही खाली राहिलं असेल तर पावसाळ्यात उलटं पाणी संडासातून वर येतं, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा लागेल. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटेच्या पुरात त्या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं, ते शेजाऱ्यांना विचारा. मालकाला नको 😅

सी-303: बरोबर. आणि तळमजल्यावर भिंतीला तीन-चार फुटांपर्यंतच पीव्हीसी पॅनल किंवा टाइल लावली असेल तर ती शोभेची असेलच असं नाही. जुन्या जोत्यात ओल अडवणारा थर नसला की जमिनीतली ओल तेवढीच वर चढते. पॅनलच्या वरच्या कडेवर बोट फिरवा, पांढरी भुकटी लागली की क्षार. पॅनलने ओल थांबत नाही, आणखी वर सरकते.
जमीन काळी आहे का ते पण काढा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा पडतात. बुजवल्या तरी पुढच्या मे महिन्यात उघडतात. पुट्टीच्या केसासारख्या रेघा वेगळ्या, त्याचं टेन्शन नको.

बी-302: वायरिंगचं कोणी बोललंच नाही. नवे मॉड्युलर स्विच दिसले म्हणजे वायर नवी असं नसतं. एक बोर्ड उघडायला सांगा. लाइटला 1.5, पॉवर पॉइंटला 2.5, एसी-गीझरला 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पाहिजे. जुनी ॲल्युमिनियमची निघाली तर नव्या टाइल्स फोडून परत कंड्युट (वायरचा पाइप) टाकावा लागेल. 30 मिलीॲम्पिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का तेही पाहा. बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. दीड टनाचे दोन एसी, गीझर आणि पंप मिळून 6 किलोवॅटच्या आसपास जातं, बिलावर 2 दिसला तर वाढवून घ्या.
गच्चीवर कूलरचं स्टँड असेल तर त्याच्या खालची बाहेरची भिंत पाहा. हिरवी रेघ म्हणजे दर उन्हाळ्यात पाणी गळत होतं.

ए-101: आणि बाथरूम? नवं केलंय म्हणते.

सी-303: पहिल्या मजल्यावरच्या बाथरूमची जाळी कापड कोंबून बंद करा, दोन इंच पाणी 24 तास उभं ठेवा, मग खालून छत पाहा. एका भेटीत होत नाही, म्हणून रविवारच्या आधी शनिवारी मालकाला सांगून ठेवा. आत जुनी जीआय (लोखंडी) पाइप ठेवून वरून टाइल लावली असेल तर दाब कमी येतो आणि पहिलं पाणी लालसर. आठवडाभर बंद असलेला नळ उघडून पाहा.

बी-204: एवढं सगळं पाहून किंमत कशी काढायची?

ए-402: प्लॉटचा भाव वेगळा, बांधकामाचा वेगळा. 1988 च्या स्ट्रक्चरला नव्या घराचा भाव देऊ नका, टाइल-पीओपीचे पैसे फार तर थोडे धरा. व्यवहार 50 लाख किंवा वर असेल तर 1 टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशातला आयकर) कापून तुम्हालाच भरायचाय. नोंदणी फी 1 टक्का, पण 30,000 च्या वर नाही. स्टँप ड्युटी वेगळी.

बी-204: आणि बयाणा? पन्नास हजार मागून राहिला, आजच.

ए-402: आज नको. आधी आखीव पत्रिकेचा फोटो इथे टाका.