गल्ला लोकांच्या टोपल्या आणि सेंट हेलेना बेट - मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही सध्या अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला असतो. मागच्या शनिवारी माउंट प्लेझंटला हायवे १७ वर स्वीटग्रास नावाच्या गवताच्या टोपल्या विकणाऱ्या एक आजी भेटल्या, हातात चमच्याचा घासून टोकदार केलेला दांडा, त्याने गवताच्या वेटोळ्यात भोक पाडायचं आणि पाल्मेटो पामच्या पानाची पट्टी ओवून घट्ट ओढायची, लेक तर तिथून हलायलाच तयार नव्हती. ही विद्या पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी सोबत आणली आणि इथे भाताच्या मळ्यांवर जगवली, त्यांच्याच इथल्या वंशजांना गल्ला (Gullah) म्हणतात. पाखडायची फॅनर टोपली बघून मला तर आपलं सूपच आठवलं!

आता लेकीला शाळेत यावरच प्रोजेक्ट करायचाय. गंबो या दाट रश्शाचं नाव भेंडीच्या आफ्रिकन नावावरून आलं आणि शेंगदाण्याला गूबर म्हणतात तो किकोंगो या आफ्रिकन भाषेतला न्गुबा, एवढं मिळालंय. साउथ कॅरोलायनातल्याच सेंट हेलेना बेटावर १८६२ मध्ये गुलामीतून मुक्त झालेल्यांसाठी सुरू झालेली पेन स्कूल होती, तिथे आता पेन सेंटर आहे, कुणी मुलांना घेऊन गेलंय का? एक दिवस पुरतो का? गल्ला बोली प्रत्यक्ष ऐकायला कुठे मिळेल? आणि दमट हवेत टोपलीला बुरशी लागू नये म्हणून काय करता, प्लीज सांगा.