मदत हवी आहे: महापालिकेच्या शाळेत मुलाला मारहाण होते आहे, तक्रार नेमकी कोणाकडे करावी?

मृद्गंध
नमस्कार. माझ्या मुलाला शाळेत वारंवार मारहाण होत आहे आणि शाळा त्यावर काहीही करायला तयार नाही. वर्गशिक्षिकांशी बोलून झाले, मुख्याध्यापकांना भेटून झाले. "समज देतो", "लक्ष ठेवतो" यापलीकडे दोघांकडूनही काही मिळाले नाही. शुक्रवारी तो घरी आला तेव्हा शर्टाचा खिसा फाटून लोंबत होता, दप्तराचा एक पट्टा तुटला होता आणि कानामागे रक्त साकळलेला ओरखडा होता. विचारले तर म्हणाला, पडलो.
मला एवढेच विचारायचे आहे की, ही तक्रार कोणाकडे आणि कशी केली म्हणजे मारहाण थांबेल आणि शाळेतले कोणी माझ्या मुलावर डूख धरणार नाही? उत्तर लवकर हवे आहे, कारण सोमवारी त्याला पुन्हा तिथेच पाठवायचे आहे. कृपया शाळा बदलण्याचा सल्ला देऊ नये. घराजवळ परवडणारी दुसरी शाळा नाही, आणि त्याला तिथला अभ्यास आवडतो.

चांदणवेल
ताई, वाचून फार वाईट वाटले. पण काही गोष्टी कळल्याशिवाय नेमके सांगता येणार नाही. मुलगा कोणत्या इयत्तेत आहे? मारणारी मुले त्याच्या वर्गातली आहेत की मोठी? मारहाण वर्गात होते, मैदानावर होते की शाळेबाहेर? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आतापर्यंत तुम्ही काही लेखी दिले आहे का?

पाणंद
माझ्या भाच्याच्या बाबतीत हेच घडले होते. त्याला कराटेच्या वर्गाला घातले आणि सहा महिन्यांत त्याच्या वाटेला जायची कोणाची हिंमत राहिली नाही. तक्रारी करून मुले अधिक चिडतात, असा माझा अनुभव आहे. मुलाला खंबीर करा, बाकीचे आपोआप मार्गी लागते.

मृद्गंध
@चांदणवेल, तो सातवीत आहे, वय बारा. मारणारी मुले मोठी आहेत, त्याच्या वर्गातली नाहीत. लेखी काही दिलेले नाही. मुख्याध्यापकांना समोर बसून सांगितले आहे, ते पुरेसे असायला हवे.
@पाणंद, सोमवार परवावर आला आहे. सहा महिन्यांचा उपाय मला आज उपयोगी नाही.

दीपमाळ
शिक्षणहक्क कायद्यात खासगी शाळांमध्ये २५ टक्के जागा राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला काढून अर्ज करावा. खासगी शाळेत असले प्रकार खपवून घेतले जात नाहीत.

चांदणवेल
@दीपमाळ, त्या २५ टक्के जागा प्रवेशाच्या पहिल्या वर्गासाठी, म्हणजे पहिलीसाठी किंवा पूर्वप्राथमिकसाठी असतात. सातवीतल्या मुलाला त्यातून प्रवेश मिळत नाही. शिवाय शाळा बदलायची नाही, हे धागाकर्तीने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिले आहे. आणि खासगी शाळेत मारहाण होत नाही हे कोणी सांगितले? माझी दोन्ही मुले खासगी शाळेत शिकली, तिथेही हेच होते. फरक एवढाच की, तिथे पालकांना बोलावून प्रकरण गुपचूप मिटवले जाते.

निवृत्त गुरुजी
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो आणि शेवटची काही वर्षे मुख्याध्यापक म्हणून काम केले, म्हणून थोडे अधिकाराने विचारतो. सातवीच्या मुलाला "मोठी मुले" मारतात असे आपण म्हणता. महापालिकेच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीपर्यंतच असतात, मग ही मोठी मुले कुठून आली?
माझे मतही सांगून ठेवतो. पूर्वी शिक्षकाच्या नुसत्या खाकरण्याने वर्ग शांत होत असे. आज शिक्षकाने मुलाकडे डोळे वटारून पाहिले तरी पालक भांडायला येतात. शाळेतला धाक गेला, त्याचीच ही फळे आहेत.

मृद्गंध
शाळेची इमारत एकच आहे. सकाळच्या सत्रात पहिली ते आठवी भरते आणि दुपारच्या सत्रात त्याच इमारतीत महापालिकेचेच माध्यमिक विद्यालय भरते. सकाळचे सत्र सुटते आणि दुपारची मुले आत येतात त्या मधल्या वेळात जिन्यात आणि पाण्याच्या टाकीपाशी हे सगळे घडते. नववीतल्या चार-पाच मुलांचा गट आहे. लहान मुलांचे खाऊचे पैसे काढून घेतात, दिले नाहीत तर मारतात. सकाळचे मुख्याध्यापक म्हणतात, आमची शाळा सुटल्यानंतरची गोष्ट आहे. दुपारचे मुख्याध्यापक म्हणतात, आपला मुलगा आमचा विद्यार्थी नाही.
गेल्या महिन्यात माझ्या मुलाने एकदा उलट हात उचलला. तेव्हा एका शिक्षकांनी "दोघेही सारखेच दोषी" म्हणून दोघांच्याही हातावर लाकडी पट्टीने मारले. तेव्हापासून तो घरी काही सांगतच नाही.

निवृत्त गुरुजी
आता चित्र स्पष्ट झाले. सत्रबदलाची वेळ ही दोन सत्रांत भरणाऱ्या प्रत्येक शाळेची दुखरी नस असते. सकाळच्या शिक्षकांना घरी जायची घाई असते, दुपारचे शिक्षक हजेरीच्या वहीपाशी असतात आणि ती वीस-पंचवीस मिनिटे जिना कोणाच्याच ताब्यात नसतो. दोन मुख्याध्यापक परस्परांकडे बोट दाखवत राहतील, कारण दोघेही आपापल्या कागदापुरते बरोबर आहेत. पण इमारत एक आहे आणि मालकही एकच, महापालिका. त्यामुळे एकच पत्र दोन्ही मुख्याध्यापकांच्या नावे लिहावे आणि त्याची प्रत महापालिकेच्या शिक्षण विभागाच्या प्रशासन अधिकाऱ्यांना द्यावी. मागणी एकच आणि ठोस ठेवावी: सत्रबदलाच्या वेळी जिना व पाण्याची जागा येथे दोन्ही शाळांचा प्रत्येकी एक शिक्षक उभा राहावा आणि सकाळची मुले फाटकाबाहेर गेल्याशिवाय दुपारच्या मुलांना वर सोडू नये. "योग्य ती कारवाई व्हावी" असे लिहिलेल्या पत्रावर कधीही काही होत नाही, हे मी खुर्चीच्या पलीकडे बसून पाहिले आहे.
पट्टीबद्दल मात्र मी त्या शिक्षकांना फार दोष देणार नाही. चाळीस-पन्नास मुलांच्या गोंधळात कोणी सुरुवात केली हे तपासायला वेळ नसतो.

साक्षीपुरावा
गुरुजी, आपल्या पत्राच्या मजकुराशी मी पूर्ण सहमत आहे. पट्टीच्या बाबतीत मात्र स्पष्ट असहमती नोंदवतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९, म्हणजेच शिक्षणहक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि मानसिक छळही करता येत नाही. तसे करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. त्यात हळू मारले की जोरात, चूक होती की नव्हती, असा अपवाद नाही. हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि ताईंचा मुलगा बारा वर्षांचा आहे, म्हणून त्याला तो सरळ लागू होतो.
समाजमाध्यमांवर बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ८२ शाळांना लावून दाखवणारे संदेश फिरतात. ते कलम बालगृहांसारख्या बाल देखभाल संस्थांसाठी आहे. पत्रात ते घालू नये, नाहीतर समोरचा तेवढ्याच एका चुकीवर बोट ठेवून संपूर्ण पत्र बाजूला सारतो.

निवृत्त गुरुजी
कायदा मला ठाऊक आहे. पण कायदा करणाऱ्यांनी पट्टी काढून घेतली, तिच्या जागी शिक्षकाच्या हातात काय दिले? समुपदेशक नाही, शिपाई नाही. त्याच कायद्यात पाचवीपर्यंत तीस मुलांमागे आणि पुढे पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असावा असे म्हटले आहे. ते किती वर्गांत पाळले जाते?

चांदणवेल
गुरुजी, ही तक्रार रास्त आहे, पण ती शासनाकडे करायची आहे. तिची किंमत बारा वर्षांच्या मुलाच्या तळहातावर वसूल करता येत नाही. आणि इथे तर पट्टीने शिस्त लागली नाही, उलट बिघडली. ज्या मुलाने त्रास सोसला त्याला मोठ्या माणसाकडूनही मार मिळाला, म्हणून त्याने बोलणे बंद केले. पुढची मारहाण शाळेला कळण्याचा एकमेव मार्ग त्या दिवशी बंद झाला.

निवृत्त गुरुजी
हा मुद्दा मान्य करण्याजोगा आहे. तोच मुलगा शिक्षकाकडे येऊन सांगत असता, तर त्या टोळीचा छडा पंधरा दिवसांत लागला असता.

पाणंद
त्या नववीच्या मुलांना दाखला हातात देऊन काढून टाकावे, म्हणजे प्रश्नच मिटेल. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १६ मुळे आठवीपर्यंत कोणाला काढता येत नाही, पण नववीला ते संरक्षण नाही.

साक्षीपुरावा
कलम १६ बद्दल आपण म्हणता ते खरे आहे. तरीही काढून टाकलेली मुले शाळेच्या फाटकाबाहेर त्याच वेळी उभी राहतील आणि तेव्हा त्यांच्यावर कोणाचीच जबाबदारी नसेल. पैसे हिसकावणे हा गंभीर प्रकार आहे. त्यांच्या पालकांना बोलावून लेखी नोंद व्हायलाच हवी. गरज पडल्यास पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्यांच्याशी बोलावे. अल्पवयीन मुलांना कोठडीत ठेवता येत नाही किंवा बेड्या घालता येत नाहीत, आणि तशी अपेक्षाही कोणी धरू नये. मात्र अधिकाऱ्याची एक भेट शाळेला हलवते.

दीपमाळ
बदलापूरच्या ऑगस्ट २०२४ मधल्या घटनेनंतर शासनाने शाळांमध्ये सीसीटीव्ही बसवण्याचा निर्णय काढला होता. जिन्यात कॅमेरा असेल तर चित्रण मागावे, पुरावा आपोआप मिळेल.

मृद्गंध
कॅमेरा फाटकावर एक आणि मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक आहे. जिन्यात नाही.
आणखी एक अडचण आहे. मुख्याध्यापक म्हणाले, शाळा व्यवस्थापन समितीकडे विषय ठेवा. मी फलकावरची नावे वाचली, तर त्या गटातल्या एका मुलाचे वडील समितीवर आहेत. त्यांची धाकटी मुलगी सकाळच्या शाळेत शिकते. माझे पत्र तिथे गेले तर दुसऱ्या दिवशी सगळ्या वस्तीला कळेल. म्हणूनच मी लेखी देत नव्हते.

साक्षीपुरावा
समितीतले पाऊण सदस्य पालक असावेत, हे कलम २१ मध्ये पालकांच्या बाजूनेच लिहिले आहे, पण लहान वस्तीत असा पेच होतो. समितीकडूनच जायला हवे असे बंधन नाही. कलम ३२ प्रमाणे मुलाच्या हक्काविषयीची तक्रार थेट स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्या बाबतीत महापालिकेकडे, लेखी करता येते. दोन्ही बाजूंना म्हणणे मांडण्याची संधी देऊन तीन महिन्यांत त्यावर निर्णय द्यायचा असतो आणि तो मान्य नसेल तर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते. तीन महिने सोमवारच्या दृष्टीने फार आहेत, हे मला कळते. पण तारखेचा शिक्का पडलेले पत्र हातात असले की तोंडी बोलण्यालाही वजन येते.
पत्रात मुलांची नावे घालू नका. वेळ, जागा, काय घडले आणि कोणती व्यवस्था हवी एवढेच लिहा. चौकशीला बोलावले तर नावे तिथे सांगा. कानामागची जखम सरकारी दवाखान्यात दाखवून केसपेपर जपून ठेवा आणि फाटलेल्या शर्टाचे छायाचित्र काढून ठेवा. मुलाला स्वतःला बोलावेसे वाटले तर १०९८ हा क्रमांक त्याच्यासाठीच आहे. मोठ्यांनी त्याच्या वतीने केलेला फोनही तिथे घेतला जातो.

निवृत्त गुरुजी
आणि सोमवारसाठी: शाळा सुटायच्या वेळी आपण किंवा घरातले कोणी जिन्याच्या खालच्या पायरीपाशी जाऊन उभे राहा. कोणाला काही बोलू नका, नुसते उभे राहा. आणखी दोन-तीन पालक सोबत आले तर उत्तम. पैसे फक्त आपल्याच मुलाकडून घेतले जात असतील यावर माझा विश्वास नाही. वर्गातल्या इतर मुलांच्या आयांना विचारा.

मृद्गंध
आज सोमवार. आम्ही तिघी जणी गेलो होतो. विचारल्यावर कळले की, पाचवीतल्या एका मुलीचे पैसे दिवाळीच्या सुट्टीआधीपासून जात होते आणि तिची आई तिलाच रागावत होती, की तू हरवतेस. पत्रावर तिघींच्या सह्या आहेत, त्यामुळे नाव एकट्या माझ्या मुलाचे राहिले नाही. सकाळच्या मुख्याध्यापकांनी पत्र वाचून घेतले, पण पोच द्यायला लिपिक तयार नाही. "साहेबांना विचारून देतो" म्हणतो. आता काय करावे?

निवृत्त गुरुजी
वाद घालू नका. महापालिकेच्या मुख्य इमारतीत आवक-जावक कक्ष असतो. तिथे प्रशासन अधिकाऱ्यांच्या नावे पत्र द्या, ते शिक्का मारून दुसरी प्रत परत देतात. दोन्ही मुख्याध्यापकांना तीच प्रत स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

मृद्गंध
शिक्का मिळाला. दोन दिवस झाले, मधल्या वेळात दुपारच्या शाळेचे एक शिक्षक जिन्यात उभे असतात. सकाळच्या शाळेचे अजून कोणी नाही. पट्टीविषयी मी या पत्रात काही लिहिलेले नाही, कारण बाकीच्या दोघी त्यावर सही करायला तयार नव्हत्या. ते शिक्षक त्यांच्या मुलांना गणित शिकवतात.

साक्षीपुरावा
त्याचे पत्र वेगळेच करा, आपल्या एकटीच्या सहीने, आणि या पत्राचा संदर्भ त्यात देऊ नका. दोन विषय एकत्र झाले की, सोपा तेवढा निकाली काढून फाइल बंद करतात. देण्याआधी मुलाशी बोला. त्याची तयारी नसेल तर आठवडाभर थांबले तरी चालेल.