प्लेगच्या वाटेवरून परतलेले खलिफा उमर : नेतृत्व की माघार?

माळरान (धागाकर्ता):
इस्लामच्या सुरुवातीच्या काळातलं नेतृत्व म्हटलं की बद्र आणि उहुदच्या लढायाच आठवतात. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो अर्ध्यावर सोडलेला एक प्रवास. इ.स. 638-39 च्या सुमारास खलिफा उमर मदिनेहून शामकडे (आजचा सीरिया आणि आसपासचा मुलूख) निघाले होते. वाटेत सरग या ठिकाणी तिथल्या फौजेचे सेनापती अबू उबैदा भेटले आणि शाममध्ये प्लेगची साथ पसरल्याची खबर दिली. उमरनी मुहाजिरांना (मक्केहून मदिनेला आलेले मुसलमान) विचारलं, त्यांच्यात दोन तट. अन्सारांना (त्यांना आसरा देणारे मदिनेचे मुसलमान) विचारलं, तिथेही तेच. मग मक्केच्या कुरैश टोळीतल्या बुजुर्गांना बोलावलं. ते एकमुखाने म्हणाले, माघारी फिरा. सकाळी परत निघायचं, अशी दवंडी झाली.

अबू उबैदांनी तोंडावर विचारलं, अल्लाहच्या तकदीरपासून (त्याने ठरवलेल्या नियतीपासून) पळताय? उमर म्हणाले, हो, अल्लाहच्या तकदीरकडून अल्लाहच्याच तकदीरकडे. उंट घेऊन दरीत उतरलात, एक उतार हिरवागार, दुसरा उजाड. कुठेही चारलेत तरी ती तकदीरच ना?

पैगंबरांचे एक सहकारी अब्दुर्रहमान बिन औफ तेव्हा तिथे नव्हते. ते आल्यावर त्यांनी पैगंबरांचं वचन सांगितलं: साथ असेल त्या मुलखात जाऊ नका, आणि तुम्ही आहात तिथे ती आली तर पळून जाऊ नका. म्हणजे सल्लामसलत आणि निर्णय आधी झाला, वचनाचा आधार नंतर मिळाला. ही हिंमत मला फार मोठी वाटते.

कातळशिल्प:
साफ असहमत. लहानपणापासून बयानात (धार्मिक प्रवचनात) हा किस्सा ऐकतोय आणि दरवेळी माझं मन अबू उबैदांकडेच जातं. हजरत उमरनी नंतर त्यांना पत्र पाठवलं: तुमच्याशी काम आहे, ताबडतोब या. आपल्याला वाचवण्यासाठीच बोलावलंय हे त्यांनी ओळखलं आणि कळवलं, मी मुसलमानांच्या फौजेत आहे, त्यांना सोडून येणार नाही. त्याच साथीत ते गेले. सैनिक तंबूत तापाने फणफणत असताना त्यांच्यातच राहणारा माणूस मोठा, की वाटेतून परतणारा?

माळरान:
पण उमरनी फौजेला वाऱ्यावर सोडलं नव्हतं. सखल, दमट जागा सोडून उंचावरच्या मोकळ्या जागी न्या, हा हुकूम त्यांचाच. आणि खलिफाच साथीत गेला असता तर कारभार कोणी पाहिला असता?

जुनीवही:
थोडं जपून. हा प्रसंग आपल्या हदीससंग्रहात नोंदवणारे इमाम मालिक 795 मध्ये वारले, म्हणजे मध्ये दीडशे वर्षं गेली. संवाद शब्दशः असेच झाले, असं धरून चालू नये.

कातळशिल्प:
ते मान्य. तरी एक राहिलंच. अबू उबैदांनंतर फौजेची सूत्रं मुआज बिन जबल यांच्याकडे आली, तेही साथीतच वारले. मग त्यांच्यानंतरचे सेनापती अम्र बिन आस यांनी लोकांना डोंगरांत पांगवलं आणि साथ ओसरली. त्यांनाही तेव्हा विरोध झाला होता. नियोजनच शिकायचं तर अम्रकडून शिका, ते स्वतः साथीच्या मुलखात होते.

माळरान:
अम्रबद्दल पूर्ण सहमत, त्यांना मूळ धाग्यात जागा द्यायला हवी होती. पण साथ ओसरल्यावर उमर स्वतः शामला गेले, हे विसरू नका. घरंच्या घरं ओस पडली होती, कोणाचा वारसा कोणाला हे कळेनासं झालं होतं. त्यांनी तिथे थांबून वाटण्या लावल्या आणि रिकाम्या जागांवर नवे अधिकारी नेमले.