गाडगीळ सूत्रवाले गाडगीळ साखर कारखान्यात काय करत होते?

वाईची_नात
राज्यसेवेचा अभ्यास चालूय. गाडगीळ सूत्र, म्हणजे ज्याने केंद्राची मदत राज्यांत वाटली जायची ते, तोंडपाठ आहे, मूळ सूत्रात लोकसंख्या 60 टक्के आणि बाकी चार गोष्टींना 10-10. पण काल कळलं की हेच धनंजयराव गाडगीळ प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले चेअरमन. केंब्रिजला शिकलेला माणूस लोणीत ऊस गाळायच्या भानगडीत कसा काय पडला? कुणीतरी नीट सांगा ना, गाईडमध्ये एक ओळ पण नाहीये.

राहाताकर
आमचे आजोबा प्रवराचे सुरुवातीचे सभासद. शेअरचा दाखला अजून ट्रंकेत आहे, घडीवर फाटलाय म्हणून आजीने मागून खाकी कागदाची पट्टी चिकटवलीय. त्या काळी शेतकरी सावकाराच्या कर्जात बुडालेला, त्याला म्हणायचं स्वतःचा कारखाना काढ, कोण विश्वास ठेवणार? विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरले, लोकांनी पैसे दिले ते त्यांच्या शब्दावर. पण सरकार आणि बँकांपुढे प्रकल्प मांडायला, हिशेब चोख ठेवायला गाडगीळ होते, आणि जवळपास दहा वर्षं ते चेअरमन राहिले. नुसतं नाव लावायला आलेले नव्हते.

अर्थशास्त्र_शिकवतो
त्यांचा क्रमच वेगळा होता बघ. 1930 ला पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट ही अर्थशास्त्राची संशोधन संस्था सुरू झाली तेव्हापासून 1966 पर्यंत तेच संचालक, आणि तिथे काम काय तर घरोघर, शेतोशेत जाऊन माहिती गोळा करायची. पुणे शहराची पाहणी केली, वाई तालुक्यात शेतीचा जमाखर्च तपासला. एवढं सगळं झाल्यावर 1967 ला, वयाच्या 66 व्या वर्षी, नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण आधी केंद्राचा पैसा योजनेगणिक जायचा आणि ज्या राज्याकडे स्वतःचा वाटा घालायची ऐपत तेच जास्त उचलायचं, ते 1969 च्या सूत्राने थांबवलं. दरडोई उत्पन्नाचे 10 टक्के फक्त देशाच्या सरासरीखालच्या राज्यांना, म्हणजे महाराष्ट्राला त्यातला एक रुपया नाही, आणि सूत्र करणारा माणूस नाशिकचा! आसाम, नागालँड, जम्मू-काश्मीरचा वाटा तर आधीच बाजूला काढला, त्यांच्या मदतीत 90 टक्के अनुदान, बाकीच्यांना 30 च, उरलेलं कर्ज.

राहाताकर
आणि शेवट वाचवत नाही हो. 1971 ला पद सोडून दिल्लीहून पुण्याला निघाले आणि 3 मे ला वाटेत रेल्वेतच गेले.

वाईची_नात
हे माहीतच नव्हतं... सर, तो वाईचा सर्व्हे कुठे मिळेल? माझं आजोळ तिथलं, पणजोबा शेतीच करायचे.

अर्थशास्त्र_शिकवतो
गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात विचार, त्या ग्रंथालयाला नावही गाडगीळांचंच आहे. जायच्या आधी फोन कर, आणि पणजोबांचं गाव कुठलं ते घरी विचारून ठेव.