मदत हवी आहे: सततच्या संवेदी उद्दीपनाने मोटर न्यूरॉनचा प्रतिसाद घटतो की वाढतो?

नमस्कार मंडळी,

शरीरक्रियाशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी पोटरीच्या सोलियस स्नायूवर काम करतेय आणि एका प्रश्नावर गाडी पार अडली आहे.

गुडघ्यामागे टिबियल नर्व्हला उद्दीपन दिलं की वन-ए तंतूंमधून (स्नायूच्या ताणाची खबर देणारे संवेदी तंतू) संदेश मेरुरज्जूत जातो, तिथल्या मोटर न्यूरॉनला (स्नायूला हुकूम देणारी चेतापेशी) चेतवतो आणि साधारण 30 मिलिसेकंदांनी ईएमजीवर (स्नायूतल्या विद्युत हालचालीची नोंद) या प्रतिक्षेपाची एच-लहर दिसते. स्नायू सैल असताना हेच उद्दीपन सेकंदाला एकदा देत राहिलं, की एच-लहर चांगलीच खाली येते. पूर्ववत आकार हवा असेल तर दोन उद्दीपनांत दहाएक सेकंद सोडावे लागतात. इथवर ठीक.

पण 1 मिलिसेकंद रुंदीची स्पंदनं 100 हर्ट्झने दिली तर उलटंच घडतं. उद्दीपनाची तीव्रता तीच राहते, तरी बल चढत जातं, आणि काही जणांत तर उद्दीपन थांबल्यावरही स्नायू आकुंचलेलाच राहतो. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उद्दीपनाच्या वरच्या बाजूला नर्व्ह बधिर केल्यावर हे जादा बल नाहीसं झालं होतं.

मी 20–100–20 हर्ट्झ असा क्रम वापरतेय. शेवटच्या 20 हर्ट्झच्या टप्प्यात एम-लहर (मोटर तंतूंतून थेट स्नायूत पोचलेला प्रतिसाद) तेवढीच असते. काही जणांची एच-लहर मोठी होते, तर काहींची आहे तशीच राहते, पण दोन स्पंदनांमधली ईएमजीची रेघ खडबडीत होते. हे सायनॅप्सचं (दोन चेतापेशींमधल्या सांध्याचं) काम की खुद्द मोटर न्यूरॉनचं? कसं ओळखायचं? जाणकारांनी कृपया मदत करा. प्रबंधाचा सगळा निष्कर्ष यावर टेकलेला आहे.

प्रतिसाद १

निरीक्षण छान आहे. हे दोन गट एकत्र करून सरासरी मात्र काढू नका, सगळी माहिती त्या फरकातच आहे.

संथ गतीने दिलेल्या उद्दीपनात एच-लहर घटते, कारण वन-ए टोकांतून चेतापारेषक (संदेश पुढच्या पेशीकडे नेणारं रसायन) कमी सुटतं. ही घट सायनॅप्सच्या अलीकडची. 100 हर्ट्झच्या माऱ्यानंतर तिथेच काही काळ उलट वाढ होऊ शकते. तुमच्या पहिल्या गटात बहुधा हेच दिसतंय, कारण ती वाढ प्रत्येक स्पंदनाला बांधलेली आहे.

दुसऱ्या गटातली खडबडीत रेघ स्पंदनांना बांधलेली नाही. तिथे संशय मोटर न्यूरॉनच्या डेंड्राइटांवर (संदेश घेणाऱ्या फांद्यांवर) जातो. कॅल्शियम आणि सोडियमचे टिकाऊ अंतर्गामी प्रवाह एकदा सुरू झाले की आत येणारा संदेश वाढवतात आणि तो थांबल्यावरही न्यूरॉनला धडधडत ठेवतात. 1980च्या दशकात मांजरांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं. मेरुरज्जू कापल्यावर हा परिणाम गेला आणि सेरोटोनिनचा पूर्वद्रव्य-पदार्थ टोचल्यावर परत आला. म्हणजे ब्रेनस्टेमकडून (मेंदूच्या तळाच्या भागाकडून) येणारा पुरवठा लागतोच. त्यामुळे व्यक्ती सावध आहे की पेंगुळलेली, हेही नोंदवा.

धागालेखिका

खूप आभार! रेघेचा अर्थ असा लावायचा हे सुचलंच नव्हतं. एक शंका राहते. उद्दीपनानंतरचं फायरिंग मेरुरज्जूतल्या इतर न्यूरॉन्सच्या साखळीमुळे चालू राहिलं असेल तर?

प्रतिसाद १

शंका रास्त आहे, आणि फक्त पृष्ठभागावरच्या ईएमजीवरून ती पूर्ण मिटणार नाही. मांजरांत पेशीच्या आत इलेक्ट्रोड घालून थेट विद्युतप्रवाह दिला होता. तेवढ्यानेही न्यूरॉन फायर करत राहिला आणि उलट दिशेच्या छोट्या स्पंदनाने बंद पडला, म्हणून तिथे खात्री होती. माणसात जोडीने मोटर युनिट्स (एक मोटर न्यूरॉन आणि त्याचे स्नायुतंतू) नोंदवतात. आधी सुरू होणाऱ्या युनिटची गती संदेशाचं माप धरायची आणि दुसरं युनिट सुरू होताना व बंद पडताना ती किती होती, यातला फरक काढायचा. मात्र हाही अप्रत्यक्षच अंदाज.

आणि घोट्याचा कोन बदलून पाहाच. जादा बलाचा काही भाग खुद्द स्नायूच्या गुणधर्मातून येतो आणि स्नायू आखूड असताना तो जास्त असतो. प्रबंधात बलाचा आलेख एकटा देऊ नका, त्याच्या खाली त्याच वेळेची ईएमजी लावा.