पंचगंगेची पातळी शीटमध्ये भरते, पण रंग खोटे येतात. मदत हवी

कुंभारगल्लीची सून

नमस्कार. गूगल शीटमध्ये आकड्याप्रमाणे ओळीला आपोआप रंग यावा, एवढंच विचारायचं आहे. पण आमच्या घरी या रंगावर बरंच काही अवलंबून असतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आमचं घर गणपतीच्या मूर्ती करणाऱ्यांचं. शेड कोल्हापुरात, नदीपासून फार लांब नाही. जुलैत नदी चढायला लागते, नेमकी तेव्हाच शेड गच्च भरलेली असते. काही मूर्ती वाळायला ठेवलेल्या, काहींचं रंगकाम चालू, काहींच्या डोळ्यांची आखणी राहिलेली. शाडूच्या कच्च्या मूर्तीला पाण्यात बुडावं लागत नाही, खालून ओल चढली तरी बैठक सुटते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत आम्ही टेम्पो लावून, शेजाऱ्यांना हाताशी घेऊन मूर्ती कळंब्याला पाहुण्यांच्या हॉलवर नेल्या होत्या. सासरे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी वहीत लिहायचे, सकाळ-दुपार-रात्र, एकही दिवस न चुकता. आता त्यांना दिसत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. आपत्ती व्यवस्थापन कक्षाचे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, ते मी शीटमध्ये भरते आणि घरातले पाचही जण आपापल्या फोनवर बघतात.

इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. म्हणून ३९ च्या पुढे पिवळा आणि ४३ च्या पुढे लाल, असे दोन नियम केले. आधी मी निरोपात येतं तसं, फुटाची-इंचाची खूण घालून ३९'०७" असं लिहायची, तर सगळा स्तंभच लाल. २८ फूट ३ इंचसुद्धा लाल! मग खुणा काढल्या आणि टिंब दिलं, ३९.७ असं. रंग बरोबर यायला लागले. त्यावर विश्वास ठेवून मी तिसरा नियम घातला, की आधीच्या नोंदीपेक्षा पाणी उतरलं तर हिरवा.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री ३९ फूट ९ इंच होतं. पुढची नोंद ३९ फूट १० इंच. मी ३९.१० टाकलं, शीटनं ते ३९.१ करून टाकलं आणि ओळ हिरवी झाली. घरातल्यांनी फोनवर बघितलं, पाणी आठ इंच उतरलं असं वाटलं, आणि मूर्ती हलवायचं काम थांबवून सगळे झोपले. पहाटे पुन्हा उठून, बॅटरीच्या उजेडात, घाईघाईत हलवायला लागलं. चार मूर्तींची बोटं मोडली, एका मोठ्या मूर्तीचा कान गेला. त्या मूर्तीचं गिऱ्हाईक अकरा वर्षांपासूनचं आहे. मला ते अजून लागून राहिलंय.

या वर्षी असं होता कामा नये. फूट आणि इंच नीट लिहायचे कसे आणि रंग खरे यायचे कसे, कुणीतरी समजावून सांगा.

राजारामपुरी नववी गल्ली

ताई, तुमचे नियम चुकलेले नाहीत, माप लिहायची पद्धत चुकली आहे. मी करसल्लागारांच्या ऑफिसात दिवसभर शीटवरच असतो, त्यामुळे हे दोन्ही प्रकार ओळखीचे आहेत.

पहिला प्रकार, सगळं लाल होण्याचा. ३९'०७" यात खुणा आल्या की शीटच्या लेखी तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. आणि मजकुराची आकड्याशी तुलना केली की मजकूर नेहमी मोठाच धरला जातो, समोर ४३ असो की ४३ लाख. एक्सेलमध्येही असंच होतं. म्हणून २८ फूटही लाल. ओळखायची खूण म्हणजे आकडा आपणहून उजव्या कडेला चिकटतो, मजकूर डावीकडे राहतो.

दुसरा प्रकार जास्त घातक, कारण तो बहुतेक दिवस बरोबर दिसतो. फुटाचे इंच बारा, टिंबानंतरचे भाग दहा. १ ते ९ इंचापर्यंत काही कळत नाही. १० इंच झाले की शेवटचं शून्य गळतं आणि १० चा १ होतो. ११ इंच तर ३९.११, म्हणजे शीटच्या हिशेबात ३९.२ पेक्षा कमी. प्रत्येक फुटाला शेवटचे दोन इंच तुमचं शीट खोटं बोलणार, आणि चढत्या पाण्यात ते नेमकं ‘उतरलं’ असं सांगणार.

यावर उपाय असा. ए मध्ये तारीख, बी मध्ये वेळ, सी मध्ये फक्त फूट, डी मध्ये फक्त इंच. ई स्तंभात एकूण इंच काढा, =सी२*१२+डी२. (फॉर्म्युल्यातली अक्षरं आणि आकडे इंग्रजी टायपायचे, इथं वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहितोय.) आता ३९ फूट म्हणजे ४६८ इंच आणि ४३ फूट म्हणजे ५१६. तुमचं ते ३९ फूट ९ इंच झालं ४७७ आणि ३९ फूट १० इंच झालं ४७८. चढलं तर चढलंच दिसणार.

रंगासाठी ए२ पासून ई२०० पर्यंत सगळं निवडा, फॉरमॅट मेनूत कंडिशनल फॉरमॅटिंग उघडा, अटींच्या यादीत सगळ्यात खाली ‘कस्टम फॉर्म्युला इज’ आहे ते घ्या. लालसाठी =$ई२>=५१६, पिवळ्यासाठी =$ई२>=४६८. ई च्या आधीचं डॉलर विसरू नका. त्यामुळे तारखेच्या खणापासून सगळी ओळ ई कडे बघूनच रंगते. लाल नियम यादीत वर ठेवा. ५१६ च्या पुढचा आकडा ४६८ च्याही पुढचा असतो, त्यामुळे पिवळा वर राहिला तर तोच आधी लागू होईल आणि लाल कधी दिसणारच नाही.

‘पेक्षा मोठं’ ऐवजी ‘मोठं किंवा बरोबर’ मुद्दाम घेतलंय. बरोबर ४३ फुटाला ओळ लाल झालीच पाहिजे.

दूधसंस्था सचिव

वहिनी, आमच्या गावच्या दूध संस्थेत फॅट आणि एसएनएफचं (दुधातल्या फॅट सोडून बाकीच्या घन भागाचं) शीट मी सांभाळतो. म्हशीच्या दुधाचं फॅट ६ च्या खाली आलं की खण रंगतो, त्यावरून पहाटेच्या गर्दीत लगेच लक्ष जातं. वरच्या दादांनी सांगितलंय ते सोळा आणे बरोबर. दोन गोष्टी मी स्वतः ठेचकाळून शिकलोय, त्या सांगतो.

खालच्या रिकाम्या ओळींत ई चा फॉर्म्युला ओढून ठेवला तर तिथं ० दिसतो. तो दिसू नये म्हणून लोक ‘सी रिकामा असेल तर काही दाखवू नको’ असा इफ घालतात. मीही घातला. दुसऱ्या मिनिटाला खालच्या दीडशे ओळी लाल! कारण इफनं दिलेलं ते ‘काही नाही’ हासुद्धा मजकूरच, आणि मजकूर आकड्यापेक्षा मोठा. म्हणून नियमातच विचारायचं, की हा आकडा आहे का: =अ‍ॅण्ड(इझनंबर($ई२),$ई२>=५१६). पिवळ्यालाही तसंच. एकदा केलं की पुन्हा बघायला लागत नाही.

दुसरं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलून चिकटवू नका. मराठी आकडे चिकटवले तेव्हा आमच्या शीटनं ते अक्षरंच धरले होते. शिवाय दुसऱ्या शीटमधून चिकटवलं तर तिथला रंग-फाँटही येतो आणि नियमांचे तुकडे पडतात. हातानं टाइप करा, नाहीतर ‘पेस्ट स्पेशल’मधून फक्त व्हॅल्यू घ्या. डी स्तंभाला डेटा व्हॅलिडेशन लावून ० ते ११ एवढंच स्वीकारायला सांगा. रात्री अकराला, लाईट गेलेली असताना, मोबाईलच्या उजेडात आकडा भरताना माणूस १२ लिहून जातो.

मूर्तींचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे पुरात जनावरं हलवायची असतात, रात्रीचं काम काय असतं ते ठाऊक आहे.

कुंभारगल्लीची सून

दोघांचेही खूप आभार. फूट-इंच वेगळे केले, गेल्या वर्षीच्या नोंदी पुन्हा भरल्या. ती रात्र आता ४७७ आणि ४७८ अशी दिसते.

एक अडचण आली. माझ्या शीटला शीर्षकाच्या दोन ओळी आहेत, म्हणून फॉर्म्युल्यात २ च्या जागी ३ केलं. आता रंग येतो, पण एक ओळ वर येतो. मंगळवारचा लाल सोमवारच्या रात्रीला लागतो.

आणि आणखी एक. ३९ आणि ४३ हे शहरासाठी झाले. सासऱ्यांच्या वहीत आमच्या शेडचे स्वतःचे आकडे आहेत. बंधाऱ्यावर ४४ फूट ४ इंच झाले की आमच्या उंबऱ्याला पाणी लागतं. सगळी शेड रिकामी करायला आम्हाला दोन दिवस लागतात, म्हणून त्यांचा नियम होता, ४१ झाले की हात घालायचा, कुणाला विचारत बसायचं नाही. हा ४१ चा रंग वेगळा हवा. दरवर्षी मूर्ती किती आणि माणसं किती यावर तो आकडा थोडा खालीवर होतो. पाणी उतरल्याचा हिरवा ठेवायचा का, याबद्दलही मन घट्ट होत नाही.

राजारामपुरी नववी गल्ली

ताई, ओळ सरकण्याचं कारण साधं आहे. नियम ज्या पट्ट्याला लावलाय त्याची पहिली ओळ आणि फॉर्म्युल्यातला ओळीचा आकडा एकच असावा लागतो. तुमचा पट्टा अजून ए२ पासून सुरू होतोय आणि फॉर्म्युला ई३ बघतोय, म्हणून प्रत्येक ओळ आपल्या खालच्या ओळीचा रंग घेते. पट्टा ए३ पासून करा, झालं.

शेडचा आकडा नियमात लिहू नका. वरच्या शीर्षकात एच१ मध्ये ठेवा, ४१ फूट म्हणजे ४९२. नियम असा: =अ‍ॅण्ड(इझनंबर($ई३),$ई३>=$एच$१). एच आणि १ दोघांच्याही आधी डॉलर, म्हणजे कुठल्याही ओळीतून तो तोच एक खण बघेल. पुढच्या वर्षी ४० फूट ठरवलंत तर एच१ मध्ये ४८० टाका, नियमाला हात लावायची गरज नाही. मात्र तो खण ‘प्रोटेक्ट रेंज’ करून ठेवा. पाच फोनवर शीट उघडं आहे, अंगठा लागून आकडा बदलला तर कुणाला कळणार नाही. या नियमाला जांभळा रंग द्या. यादीत लाल सगळ्यात वर, मग हा जांभळा, मग पिवळा.

हिरवा ठेवा, पण सगळ्या ओळीला नको. एफ स्तंभात फरक काढा, एफ४ मध्ये =ई४-ई३ असा, आणि फक्त तेवढ्या खणाला रंग द्या. शून्यापेक्षा जास्त असेल तर नारिंगी, कमी असेल तर हिरवा. पातळीचा रंग आणि चढ-उताराचा रंग ही दोन वेगळी माहिती आहे. एका ओळीवर दोन्ही बसवले म्हणून त्या रात्री हिरव्यानं पिवळा झाकला. ओळ पिवळी आणि शेवटचा खण हिरवा असं दिसलं असतं, तर पाणी इशाऱ्याच्या वरच आहे हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहिलं असतं.

भोगावतीकाठ

मी राधानगरीच्या बाजूचा. राधानगरी धरणाच्या दरवाजांचाही एक स्तंभ घ्या, असं सुचवतो. ७ स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात आणि ते पाणी भोगावतीतून पंचगंगेला येतं. जी स्तंभात ० ते ७ आकडा भरा आणि त्याला कलर स्केल लावा, ० ला पांढरा, ७ ला गडद निळा. मधल्या छटा शीट स्वतः करतं. त्यात फॉर्म्युलाही लागत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. माझ्या चुलत्यांना लाल आणि हिरवा यातला फरक कळत नाही. घरात आम्हाला हे माहीत होतं, तरी आम्ही वर्षानुवर्षं लाल-हिरव्याच याद्या त्यांच्या हातात दिल्या. तुमच्या घरातल्या पाचही जणांना सगळे रंग नीट दिसतात का, एकदा विचारा. नाहीतर रंगाबरोबर एक शब्दही येऊ दे. शेवटच्या स्तंभात इफनं ‘धोका’, ‘मूर्ती हलवा’, ‘इशारा’ असं लिहून येईल, तीच क्रमवारी, तेच आकडे. प्रिंट काढली आणि दुकानातलं मशीन काळं-पांढरं असलं, तरी कागदावर शब्द राहतो.

कुंभारगल्लीची सून

सगळं केलं. पट्टा ए३ पासून घेतला, रंग आपापल्या ओळीवर आला. एच१ ला कुलूप लावलंय, ते फक्त माझ्याकडून उघडतं.

शब्दाचा स्तंभ सुचवलात ते फार बरं झालं. रंगांचं घरात विचारलं, सगळ्यांना दिसतात. पण सासऱ्यांना आता रंगही दिसत नाहीत आणि आकडेही. मुलगा त्यांना शेवटची ओळ वाचून दाखवतो. काल मी तपासायला २०२१ च्या वहीतले आकडे एकामागून एक भरत होते आणि तो शेजारी बसून वाचत होता. ‘इशारा, चढ चार इंच’, ‘इशारा, चढ पाच इंच’ असं चाललं होतं. ‘मूर्ती हलवा’ आलं तेव्हा सासरे म्हणाले, इथं मी वहीत लाल पेन्सिलीनं रेघ मारली होती, बघ. वही उघडली, त्याच नोंदीखाली रेघ होती.

आता २०१९ चे आकडे भरते. काही पानं भिजून चिकटलेली आहेत, जेवढं वाचता येईल तेवढं घेते. त्यात कुठं रंग अडला तर इथंच विचारेन.